खाडियातल्या जुन्या घरात मुक्काम

गुरुवार

अहमदाबादला जायचं ते जुन्या शहरात राहण्यासाठीच, हे पुण्याहून निघतानाच पक्कं होतं. साबरमतीच्या पश्चिमेला चांगली हॉटेलं आहेत, रुंद रस्ते आहेत. पण १४११मध्ये अहमदशहानं वसवलेलं शहर नदीच्या पूर्वेला आहे, आणि २०१७मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत घेतलं तेही हेच, तटाच्या आतलं शहर. भारतातलं या यादीत आलेलं हे पहिलं शहर. दिवसभर बघून संध्याकाळी पूल ओलांडून परत फिरायचं, असं मला करायचं नव्हतं. तिथली रात्र आणि पहाट हवी होती.

खाडिया भागातल्या एका पोळमध्ये, म्हणजे एका दरवाजातून आत शिरायच्या गल्लीतल्या जुन्या वस्तीत, जवळपास दीडशे वर्षांचं घर आहे. खाली मालकांचं कुटुंब राहतं आणि वरचे दोन मजले त्यांनी हॉस्टेलसाठी काढून ठेवलेत. बायकांच्या डॉर्ममधली कॉट रात्रीची सहाशे रुपये, नाश्त्यासकट. याच भागात सुंदर सजवलेल्या महागड्या हवेल्याही आहेत. त्यांच्या एका रात्रीत माझा सगळा मुक्काम झाला असता. पैशांचा विचार होताच, पण ज्या घरात माणसं अजून राहतात त्या घरात राहायला मिळणार, हे जास्त महत्त्वाचं होतं.

गाडी पहाटे कालूपूर स्टेशनात शिरली. रिक्षावाल्यानं पोळच्या दरवाजापाशी सोडलं. आत रिक्षा वळत नाही. दरवाजा म्हणजे दोन मजली कमान, वर पूर्वी पहारेकऱ्याची खोली. शेजारी भिंतीवर काळा फळा. त्यावर खडूनं एका उठावण्याची (शोकसभेची) वेळ आणि पाणी उशिरा येणार असल्याची सूचना लिहिली होती. आजही पोळमधल्या सगळ्यांना बातमी पोचवायचा हा मार्ग चालू आहे. कमानीतून आत गेलं की गल्ली वळत वळत अरुंद होते आणि दोन्ही बाजूंचे वरचे मजले एकमेकांकडे झुकतात. उन्हाळ्यात या शहराचा पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. अशा गल्लीत ऊन जेमतेम दुपारी तासभर उतरत असेल. मी गेले तेव्हा जानेवारीचा पहिला आठवडा होता, त्यामुळे गल्लीत चक्क थंडी होती.

मालकांची आई ओट्यावर बसून मेथी निवडत होती. "आवो आवो बेन, चा पीशो ने?" म्हणाल्या, आणि सामान ठेवायच्या आधीच मी त्यांच्याशेजारी बसून चहा घेत होते. घरात सगळे त्यांना बा म्हणतात, मीही म्हणायला लागले. मालकांना भाई. बोलणं अर्धं गुजराती, अर्धं हिंदी. दोन्ही बाजूंना सगळं कळत होतं.

घराची रचना समजून घ्यायला भाईंनी पाऊण तास दिला. रस्त्याला लागून ओटा, मग लहानशी ओसरी, मग उघडा चौक आणि चौकाच्या पलीकडे आतल्या खोल्या. घर रुंदीला कमी, खोलीला भरपूर. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. म्हणजे उजेड आणि वारा यायला वाट एकच, ती चौकाची. चौकात उभं राहून वर पाहिलं की तिन्ही मजल्यांचे सज्जे दिसतात आणि सगळ्यात वर आभाळाचा चौकोन. उन्हाळ्यात गरम हवा इथूनच वर निघून जाते, गल्लीतली गार हवा ओसरीतून आत ओढली जाते. म्हणून या घरांना पंखा नसतानाही पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहू शकली.

चौकाच्या फरशीत पितळी झाकण आहे. त्याखाली टाकं. पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी नळीनं खाली उतरवून या चुन्याच्या टाक्यात साठवायचं, आणि पिण्या-स्वयंपाकाला वर्षभर तेच वापरायचं, अशी इथली जुनी पद्धत. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी बाहेर सोडून द्यायचं, गच्ची धुऊन निघाली की मगच नळी टाक्याला जोडायची. आत उजेड जात नाही म्हणून शेवाळ धरत नाही. भाईंनी झाकण उचलून हातातल्या आरशानं उन्हाची तिरीप आत टाकली, तेव्हा खाली पाणी चमकलं. बऱ्याच घरांनी नळ आल्यावर टाकी बुजवली. यांनी ठेवलं आहे, आणि बा अजून डाळ शिजवायला याच टाक्याचं पाणी घेतात.

आमचं डॉर्म माडीवर. जिना इतका उभा आहे की वरून सोडलेला जाड दोर धरूनच चढावं लागतं. वर पोचल्यावर जिन्याच्या तोंडावर पाडायची लाकडी झडप आहे; पूर्वी रात्री ती लावली की वरचा मजला सुरक्षित. दारं बुटकी. "माथुं संभाळजो" हे वाक्य या घरात दिवसातून किती वेळा ऐकू येत असेल! खोलीत सहा कॉट, प्रत्येकीला कुलपाची पेटी, एक दिवा, एक प्लग. कॉट भिंतीला ठोकलेल्या नाहीत, सगळ्या स्वतःच्या पायांवर उभ्या. जुन्या भिंतीत आणि खांबात एकही नवा खिळा मारायचा नाही, हा भाईंचा नियम आहे. वायरीसुद्धा तुळईच्या कडेनं पट्टीतून नेल्या आहेत.

गैरसोयी सांगायलाच हव्यात. जमीन लाकडी फळ्यांची, त्यामुळे वरच्या मजल्यावर कोणी पाऊल टाकलं की खाली कळतं. कोपऱ्यातल्या बाईंचं घोरणं सगळ्यांनी ऐकलं. पहाटे कबुतरं, पाठोपाठ दुधवाल्याची मोटरसायकल. ज्यांना झोपायला पूर्ण शांतता लागते त्यांनी इथे येऊ नये. गुडघे दुखत असतील तर तळमजल्यावरची एकुलती खोली आधी विचारून घ्यावी.

आणि न्हाणीघरं. जुन्या घराचं हॉस्टेल करताना सगळ्यात अवघड काम तेच, असं भाई म्हणाले. या घरांमध्ये वर पाणी न्यायची सोय नव्हतीच. माडीवर मोरी काढली की ओल तुळईत शिरते, आणि सागवान कितीही जुनं असलं तरी सततच्या ओलीपुढे टिकत नाही, वाळवी येते. त्यांनी मागच्या लहान चौकात विटांचा वेगळा मनोरा उभा केला आणि प्रत्येक मजल्याची न्हाणीघरं त्यात घेतली. मूळ घराला पाण्याचा एकही नळ टेकत नाही. त्यामुळे रात्री उठून सज्ज्यातून थंडीत तिकडे जावं लागतं. दोघी पाहुण्यांनी त्याबद्दल कुरकुर केली. मला ती रचना फार शहाणपणाची वाटली.

दुपारी झोपले, आणि संध्याकाळ बांच्या शेजारी ओट्यावर काढली. पोळच्या मध्यावर चबुतरा आहे: नक्षीदार खांबावर उभारलेलं पाखरांचं छोटं घर, शिडी लावून वर दाणे टाकतात. शाळेतून आलेली मुलं ते काम करत होती.

शुक्रवार

सकाळी आठला कालूपूरच्या स्वामीनारायण मंदिरापाशी हजर झाले. महापालिकेची हेरिटेज वॉक इथून निघते आणि जामा मशिदीपाशी संपते. १९९७च्या १९ नोव्हेंबरला ती सुरू झाली. मंदिर १८२२चं, स्वामीनारायण संप्रदायाचं पहिलं. शेजारच्या हवेलीतलं सागवानी कोरीवकाम बघायला वेगळा वेळ काढावा, वॉकमध्ये तो मिळत नाही.

आमच्या घोळक्यात शाळेची मुलं, दोन जपानी गृहस्थ, आणि हॉस्टेलमधलीच केरळची एक मुलगी होती, ती वास्तुकला शिकते. तिच्याबरोबर चालणं हा फायदाच झाला. गाइड पुढे निघून गेले तरी ती एखाद्या खांबापाशी थांबायची आणि मीही थांबायचे. विटांच्या भिंतीत ठरावीक उंचीवर आडव्या लाकडी पट्ट्या का घातल्या आहेत, हे तिनं सांगितलं. भूकंपात वीट फुटते, लाकूड लवतं, आणि या पट्ट्या भिंतीला एकत्र बांधून ठेवतात. २६ जानेवारी २००१च्या भूकंपात अहमदाबादमध्ये काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळून माणसं गेली. त्याच दिवशी पोळमधली बरीच लाकडी घरं हादरली आणि उभी राहिली. त्या पट्ट्यांना हात लावून बघताना मला अंगावर शहारा आला.

लांबेश्वरच्या पोळमध्ये गुजराती कवी दलपतराम यांचा चौक आहे. घर राहिलेलं नाही, दर्शनी भाग तेवढा स्मारक म्हणून पुन्हा उभारलाय, आणि ओट्यावर कवींचा पूर्णाकृती पुतळा बसवलाय. लोक त्यांच्या शेजारी बसून फोटो काढतात. स्मारकाची इतकी जवळची तऱ्हा मी आपल्याकडे फारशी पाहिलेली नाही.

हाजा पटेलनी पोळ. इथे काळा रामजींचं मंदिर आहे. नाव ऐकून नाशिक आठवलंच, पण इथली काळ्या दगडाची राममूर्ती बसलेली आहे. मंदिर बाहेरून घरासारखंच, चौकातून आत जायचं. त्या चौकात सकाळच्या उन्हात एक आजोबा पेपर वाचत होते, आणि पर्यटकांची रांग शेजारून गेली तरी त्यांनी पान उलटण्याव्यतिरिक्त काही केलं नाही.

कुवावाळो खांचो मात्र जन्मभर लक्षात राहील. एका विहिरीभोवतीचा लहानसा मोकळा कोपरा, आणि त्याच्या चारी बाजूंना वेगवेगळ्या काळातली घरं: एकावर मुघल छाप, एकावर इंग्रजी अमलातल्या कमानी आणि खांब, आणि एक मराठा धाटणीचं. गाइडनं त्या घराकडे बोट दाखवलं तेव्हा खांब आणि वरचा सज्जा बघून मला थेट शनिवार पेठ दिसायला लागली. माझं लहानपण पेठेत गेलं. त्या काळी आमच्या गल्लीत असे सज्जे बरेच होते. आज तिथे पार्किंगवर उभ्या सहा मजली इमारती आहेत. नाना वाडा, विश्रामबागवाडा अशी मोठी नावं उरली, पण साधी माणसं राहायची ते वाडे भाडेकरूंच्या दाव्यांत आणि बिल्डरांच्या करारांत गेले. त्यांच्यासाठी कोणी हॉस्टेलचा विचार केला नाही, कारण ते जपण्यासारखे आहेत असंच कोणाला वाटलं नाही. अहमदाबादमध्येही पडझड भरपूर आहे. वॉकच्या वाटेवरच कुलूप लागलेली, छत बसलेली, गोदाम झालेली घरं लागतात. पण इथे गल्लीच्या गल्ली अजून शाबूत आहे, आणि आपण काय घालवलं ते इथे उभं राहिल्यावर नीट कळतं.

पुढे दोशीवाडा, अष्टापदजींचं देरासर म्हणजे जैन मंदिर, हरकुंवर शेठाणींची हवेली. याच शेठाणींनी पतीच्या निधनानंतर हठीसिंगांचं जैन मंदिर १८४८मध्ये पूर्ण करून घेतलं. हवेलीच्या दर्शनी भागावर लाकडी हस्तांची रांग आहे. हस्त म्हणजे खांबातून पुढे येऊन वरच्या सज्ज्याचं ओझं झेलणारा कोरीव तुकडा, गुजरातीत टोडलो. एकेकावर फुलं, पोपट, हत्तीची सोंड. मग फर्नांडिस पुलाखालचा वह्या-पुस्तकांचा बाजार, मुहूर्त पोळ, माणेक चौक, राणीनो हजिरो आणि बादशाहनो हजिरो. राण्यांच्या कबरींच्या भोवती चणिया-चोळीची दुकानं, अगदी दगडी जाळीला टेकून.

जामा मशीद १४२४ची. आत दोनशे साठ खांब. १८१९च्या भूकंपात मिनार ढासळले, त्यांचे खालचे भाग दाराच्या दोन बाजूंना राहिलेत. भर बाजारातून पायऱ्या चढून आत आलं की एवढं मोठं मोकळं अंगण समोर येतं, आणि तीन तास गल्ल्यांमध्ये दबून चाललेल्या माणसाला मोकळा श्वास मिळतो.

संध्याकाळी मालकीणबाईंनी उंधियूची ताटं वाढली. हॉस्टेलमध्ये रोज जेवण नसतं, पण थंडीत आठवड्यातून एकदा उंधियू होतो आणि ज्याला हवं त्यानं पैसे देऊन बसायचं. आम्ही सगळे चौकात पाटांवर बसलो. बा झोपाळ्यावरून कोणाच्या पानात काय कमी आहे ते बघत होत्या.

शनिवार

सकाळी लवकर साबरमती आश्रम उरकला. 'उरकला' हे त्या जागेला शोभत नाही, पण लिहायचं आहे ते दुसऱ्या जागेबद्दल. एवढंच नोंदवते की तिथे मराठी माणसाला ओळखीची नावं पावलोपावली भेटतात: विनोबा, काकासाहेब कालेलकर, आणि आश्रमाच्या प्रार्थना सुरात बांधणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे. १२ मार्च १९३०ला दांडीकडे निघालेल्यांत पंडितजीही होते.

बसनं लाल दरवाजाला परत. सिदी सय्यदची मशीद १५७२-७३ची, गुजरातच्या सुलतानीचं शेवटचं वर्ष. बांधणारा मूळचा आफ्रिकेतल्या हबश देशचा. पश्चिमेच्या भिंतीतली झाडाची जाळी फोटोंमधून इतकी पाहिलेली असते की प्रत्यक्षात निराशा होईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. पलीकडून उजेड येत होता आणि फांद्यांमधली पोकळी हलते आहे असा भास होत होता. इंग्रजी अमलात या मशिदीत सरकारी कचेरी होती, हे वाचल्यापासून मी विचार करतेय की इमारत वापरात राहणं पुरत नाही, तिला शोभेल असा वापरही हवा.

भद्राच्या किल्ल्यात ही गोष्ट पुन्हा समोर आली. तिथे आझमखानाची सराई आहे, १६३७ची. मुघल सुभेदार आझमखानानं ती प्रवाशांना उतरायला बांधली. म्हणजे या शहरात परक्या माणसाला रात्रीपुरतं छप्पर द्यायची सोय किती जुनी आहे पाहा. पुढे इंग्रजांच्या काळात तिचं इस्पितळ झालं, तुरुंग झाला. तिच्या उत्तरेकडच्या भागात भद्रकालीचं मंदिर आहे, ते मराठ्यांच्या काळातलं. शनिवारी नारळ-चुनरी घेऊन आलेल्यांची रीघ होती.

मराठ्यांचा काळ म्हणजे १७५३पासून. राघोबादादा आणि दमाजी गायकवाड यांनी शहर घेतलं, आणि मग पेशवे व गायकवाड यांच्यात शहराच्या उत्पन्नाची वाटणी झाली. मधे १७८०मध्ये इंग्रज सेनापती गॉडर्डनं शहर जिंकलं, सालबाईच्या तहानंतर ते परत मिळालं, आणि १८१७-१८मध्ये कायमचं गेलं. जमालपूरच्या बाजूला गायकवाडांची हवेली आहे, ती बाहेरूनच पाहिली. आत पोलीस खात्याचं काम चालतं. आपल्या शाळेच्या इतिहासात अहमदाबाद येतं ते चौथाई-सरदेशमुखीच्या वाक्यात. इथल्या लोकांच्या आठवणीत तो अंमल बहुतेक करवसुलीचा आणि ओढाताणीचा आहे, आणि ते मान्य करायला हवं.

पण तीन दरवाजावर एक गोष्ट आहे जी प्रत्येक मराठी माणसानं जाऊन बघावी. अहमदशहाच्या काळातल्या या तीन कमानींच्या वेशीत एका खांबावर देवनागरीत कोरलेला हुकूम आहे. मराठ्यांचा सुभेदार चिमणाजी रघुनाथ याचा, १८१२ सालचा. मुलींना वडिलांच्या मालमत्तेतला वाटा विनाअडथळा द्यावा. जो देणार नाही तो हिंदू असेल तर महादेवाला आणि मुसलमान असेल तर अल्लाला जबाब देईल, असा त्याचा आशय. १८१२! स्वतंत्र भारतात हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा वाटा कायद्यानं मिळाला तो २००५च्या दुरुस्तीनं. खांबाच्या पायाशी मोजे आणि मोबाइलची कव्हरं विकणारे बसले होते. एकानं माझ्यासाठी टोपली सरकवली. अक्षरं झिजलीत, सगळी लागत नाहीत, तरी ओळींवरून बोट फिरवत मी बराच वेळ उभी होते. मला दोन बहिणी आहेत आणि आमच्या घरातही या वाट्यावरून काय काय झालं ते आठवत होतं.

त्याच वेशीत एका कोनाड्यात दिवा तेवत असतो. शहरातून निघालेल्या लक्ष्मीला पहारेकऱ्यानं थांबवून ठेवलं आणि ती जाऊ नये म्हणून प्राण दिले, अशी आख्यायिका. लक्ष्मीसाठीचा हा दिवा एक मुसलमान कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या लावत आलं आहे.

दुपारी लाल दरवाजाच्या 'लकी'मध्ये मस्का-बन आणि चहा. टेबलांच्या मधे जुन्या कबरी आहेत, त्यांना कठडे घातलेत, रोज फुलं वाहतात, आणि शेजारी लोक निवांत चहा पितात. भद्रातच दादासाहेब मावळणकरांची हवेली आहे. लोकसभेचे पहिले सभापती; घराणं रत्नागिरी जिल्ह्यातलं, कर्मभूमी अहमदाबाद.

रात्री डॉर्ममधल्या चौघी मिळून माणेक चौकात. दिवसा इथे सोन्या-चांदीचा बाजार. पेढ्या बंद व्हायला लागल्या की काही माणसं गल्ल्या झाडून धूळ गोळा करतात. त्या धुळीतून सोन्याचे कण काढणं हा त्यांचा पिढीजात धंदा. मग तासाभरात बाकं, शेगड्या, तवे मांडले जातात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत खाणं चालतं. लोण्यात पोहणारी भाजीपाव, ग्वालियर डोसा, अननस घातलेलं सँडविच. सँडविच मला आवडलं नाही, कुल्फी फार आवडली. परत येताना पाऊण वाजला होता. चार बायका अरुंद गल्ल्यांतून चालत होतो, ओट्यांवर माणसं गप्पा मारत बसली होती, आणि कोणालाही भीती वाटली नाही. पोळमध्ये राहण्याचा हा फायदा कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेला नसतो.

रविवार

रविवारी एलिस पुलाखाली नदीकाठी गुजरी भरते. भंगार, जुनी पुस्तकं, भांडी, सायकली, खाटा. हा बाजार सुलतानी काळापासून चालत आल्याचं सांगतात. भाई दर रविवारी जातात, आणि मी विचारल्यावर मलाही घेऊन गेले.

ते तिथे काय घ्यायला जातात हे मला तोवर माहीत नव्हतं. गुजरीच्या एका भागात जुन्या घरांचं लाकूड येतं. पोळमधलं घर विकलं गेलं, पाडलं गेलं की त्याची दारं, चौकटी, खांब, हस्त, झरोके सुटे होऊन इकडे पोचतात. चांगले तुकडे दलाल आधीच उचलतात, ते बंगल्यांच्या दिवाणखान्यात आणि हॉटेलांत जातात. उरलेलं इथे जमिनीवर. एका ताडपत्रीवर सोळा-सतरा हस्त पडले होते. शुक्रवारी हवेलीवर जे बघून आम्ही माना वर करून थांबलो होतो, तेच पोपट आणि तीच सोंड, धुळीत. मला बोलवेना.

भाई मात्र मापपट्टी काढून कामाला लागले. त्यांच्या मागच्या सज्ज्याचा एक हस्त वाळवीनं गेला आहे, तिथे सध्या लोखंडी टेकू दिलाय. तसा नवा कोरून घ्यायचा तर कारागीर मिळतो, पण महिनाभर लागतो आणि खर्च झेपत नाही. जुनं सागवान मुरलेलं असतं, परत वाकत नाही. म्हणून ते दोन पावसाळे योग्य मापाचा तुकडा शोधत होते. तिसऱ्या विक्रेत्याकडे मिळाला. लांबी जुळली, कूस, म्हणजे खाचेत बसणारं टोक, अर्धा इंच जास्त. सुतार तासून घेईल म्हणाले. घासाघीस बरीच झाली, पण विक्रेता त्यांना ओळखत होता.

रिक्षात तो तुकडा मांडीवर घेऊन बसलो असताना मी त्यांना विचारलं की हॉस्टेलवर हे सगळं भागतं का. त्यांनी सरळ हिशेब सांगितला. पश्चिमेला फ्लॅट घेऊन घराला कुलूप लावणं सगळ्यात सोपं होतं. त्यांच्या भावानं तेच केलं. बंद घर पाच पावसाळ्यांत कोसळायला लागतं, कारण फुटलेलं कौल कोणाला दिसत नाही. महापालिकेच्या यादीतल्या वारसा घरांना आणखी बांधकाम करायचा न वापरलेला हक्क विकता येतो, त्यातून काहींनी दुरुस्त्या केल्या. सरकारी मदतीसाठी अर्ज करता येतात, वेळ लागतो. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणात, गच्ची भाड्यानं देऊन चांगली रक्कम हातात येते. परदेशी पाहुणे आणि नदीपलीकडे राहायला गेलेले जुने शेजारी पतंगासाठी पोळमध्येच येतात. आणि बाकी वर्षभर या कॉट. महागडं हॉटेल करायला एकानं भागीदारी देऊ केली होती. प्रत्येक खोलीला न्हाणीघर, एसी, लिफ्ट. त्यासाठी चौक झाकावा लागला असता. त्यांनी नाही म्हटलं.

हे ऐकल्यावर मला स्वस्त हॉस्टेलचं महत्त्व नव्यानं पटलं. सहाशे रुपयांत राहणारा पाहुणा घराकडून फार मागत नाही. तो दोर धरून जिना चढतो, थंडीत सज्ज्यातून न्हाणीघरात जातो, मान वाकवून दारातून आत येतो. म्हणून घराला त्याच्यासाठी बदलावं लागत नाही. आपल्याकडे वाई, पैठण, नाशिकच्या जुन्या भागांत, पुण्यात उरल्यासुरल्या वाड्यांत हे करून बघायला हवं. त्यासाठी लागतं काय, तर मागच्या बाजूला वेगळी न्हाणीघरं, एक चांगला सुतार, आगीची नीट काळजी, आणि घरात राहायला तयार असलेलं कुटुंब. शेवटची गोष्ट सगळ्यात दुर्मीळ आहे, हे मलाही ठाऊक आहे.

दुपारी गच्चीवर गेले. उत्तरायण तोंडावर आलेलं. रायपूरकडच्या रस्त्यांवर खांबाखांबांना दोरा ताणून त्यावर गुलाबी रंगाचा आणि काचेच्या पुडीचा लेप चढवणारे कारागीर सकाळपासून दिसत होते, आणि आभाळात सरावाचे पतंग. गच्च्या एकमेकींना इतक्या लागून आहेत की शेजारची मुलं कठडा ओलांडून आमच्याकडे आली, फिरकी माझ्या हातात दिली आणि दोरा कसा सोडायचा ते गुजरातीत शिकवलं.

निघताना बांनी थेपल्याची पुरचुंडी दिली. माझी गाडी रात्रीची होती आणि सुतार सोमवारी येणार होता, त्यामुळे हस्त बसवताना बघायला मिळाला नाही. बुधवारी भाईंनी फोटो पाठवला. लोखंडी टेकू निघाला आहे. नवा तुकडा बाकीच्यांपेक्षा काळपट दिसतो, आणि त्याच्यावर पोपटाऐवजी कमळ आहे. रंग लावून एकसारखं करणार का, असं मी विचारलं. "ना बेन," त्यांनी लिहिलं, "तसंच राहू दे. पुढे कोणी दुरुस्त करेल त्याला कळायला हवं, हा तुकडा दुसऱ्या घरातून आलाय."